आपल्या प्रभागातली कामं आणि सेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न (वागळे इस्टेट, किसननगर, श्रीनगर परिसर, ठाणे)

नगरसेविका म्हणून निवडून आल्यापासून माझ्या कार्यालयात, फोनवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आपल्या पट्ट्याला धरून लिहिली आहेत, पण कायद्याच्या बाबी ठाण्यात सगळीकडे सारख्याच आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दोन विषय एकमेकांत गुंततात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, नगरसेविका म्हणून तुमच्या हातात नेमकं काय असतं?

ठाणे महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्यानं चालते. त्यात पैसा आणि धोरण ठरवण्याचा अधिकार सभागृहाला दिला आहे, अंमलबजावणी आयुक्तांकडे आहे. त्यामुळे अंदाजपत्रकावर बोलणं, प्रभागातली कामं सुचवणं, सभागृहात प्रश्न आणि लक्षवेधी मांडणं, झालेल्या आणि न झालेल्या कामाचा जाब विचारणं, हे माझं काम. इंजिनिअरला आदेश देणं, ठेकेदाराचं बिल काढणं किंवा अडवणं, कोणाला कामावर लावणं, हे माझ्या अधिकारात येत नाही. नगरसेवकाला महापालिकेच्या ठेक्यात भागीदारीही ठेवता येत नाही. ठेवली तर पद जातं.

आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक होते. या काळात लोकांच्या मागण्यांचे अर्ज साचत गेले. ते जुने अर्ज अजून निघतात, म्हणून तुमच्याकडे पोहोच असलेला कागद असेल तर तो कितीही जुना असला तरी घेऊन या.

२. आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. मग जायचं कोणाकडे?

कोणाकडेही. ठाण्यात १३१ नगरसेवक आहेत आणि बहुतेक प्रभागांत चार-चार. हे चौघे मिळून पूर्ण प्रभागाचे असतात, कायद्यानं त्यांच्यात गल्ल्या वाटून दिलेल्या नाहीत. व्यवहारात एकेकाचा एकेक भाग ठरून जातो, त्यातून “ती गल्ली माझ्याकडे नाही” असं उत्तर मिळतं. ते उत्तर मान्य करू नका. एकच तक्रार चौघांना वेगवेगळी पाठवण्यापेक्षा एकाच पत्रावर चौघांची नावं घाला आणि खाली महापालिकेचा तक्रार क्रमांक लिहा (प्रश्न ३). म्हणजे आम्ही चौघं एकाच कागदावर बोलतो.

३. तक्रार कुठे आणि कशी करायची, म्हणजे ती हरवणार नाही?

ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत. आपली वागळे इस्टेट. गटार, दिवे, कचरा, अतिक्रमण, अंतर्गत रस्ते या रोजच्या गोष्टी तिथेच सुटतात. पाचपाखाडीच्या मुख्यालयात दिलेला अर्जसुद्धा शेवटी तिथेच येतो, फक्त वाटेत काही दिवस जातात.

तक्रार लेखी द्या आणि पोहोच घ्या, किंवा ऑनलाइन करून क्रमांक जपून ठेवा. ग्रुपवर टाकलेला फोटो ही तक्रार नव्हे, तो उद्या वर सरकून दिसेनासा होतो. पत्रात तीन गोष्टी हव्यात. नेमकी जागा, म्हणजे “किसननगरला” असं मोघम न लिहिता गल्ली, इमारतीचं नाव, जवळचा विजेचा खांब किंवा दुकान. कधीपासून त्रास आहे ते. आणि एकच विषय. दिवा, गटार आणि कुत्री एका पत्रात आली की ते पत्र तीन टेबलांवर फिरतं आणि तिन्ही टेबलं म्हणतात की दुसऱ्याकडे आहे.

उत्तर आलं नाही तर क्रमांक माझ्याकडे द्या. मी अधिकाऱ्यांशी बोलते तेव्हा तो क्रमांक आणि तारीख हाच माझा आधार असतो. झाड पडलं, भिंत कोसळली, घरात पाणी शिरलं तर मात्र पत्राच्या भानगडीत न पडता महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला १८०० २२२ १०८ या क्रमांकावर लगेच फोन करा.

४. वीज, रेशन, मेट्रो, ट्रॅफिक यांच्या तक्रारी तुम्ही घेता का?

ऐकून घेते, पत्रही देते. पण काम ज्याचं त्याच्याकडे थेट गेलात तर लवकर होतं. वीज महावितरणची, त्यांचा क्रमांक १९१२. (कळवा, मुंब्रा, शीळ भागात मार्च २०२० पासून टोरंट पॉवर आहे. तिकडे नातेवाईक असतील तर त्यांना सांगा.) रेशन कार्ड शिधावाटप कार्यालयाचं. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तहसीलदारांचा. नो-पार्किंग, एकेरी वाहतूक, सिग्नलवरचा गोंधळ वाहतूक पोलिसांचा. मेट्रोचे खांब आणि त्याखालचा राडा एमएमआरडीएचा. टीएमटी महापालिकेची, एसटी राज्याची. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचं, जिल्हा रुग्णालय राज्य सरकारचं. लोक या दोन रुग्णालयांत फार गोंधळतात आणि आजारी माणसाला घेऊन चुकीच्या ठिकाणी कागद मागत बसतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

५. काम मंजूर झालं म्हणून सांगता, मग दिसत का नाही?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि रास्त प्रश्न. “मंजूर” हा शब्द निदान पाच वेगवेगळ्या टप्प्यांना वापरला जातो, म्हणून गैरसमज होतात.

आधी मागणी जाते. मग कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो आणि इस्टिमेट तयार होतं. त्यावर प्रशासकीय मंजुरी, म्हणजे हे काम करायचं आणि त्याला अंदाजपत्रकात पैसे आहेत. मग तांत्रिक मंजुरी, म्हणजे आराखडा आणि दर बरोबर आहेत. मग निविदा. ठरावीक रकमेपुढचं काम १६ सदस्यांच्या स्थायी समितीपुढे जातं. शेवटी कार्यादेश, ज्याला सगळे वर्क ऑर्डर म्हणतात. फावडं जमिनीला लागतं ते त्यानंतर.

यापुढे मी किंवा कोणीही “मंजूर झालं” म्हटलं की विचारा : वर्क ऑर्डर निघाली का? निघाली असेल तर तारीख आणि मुदत सांगता आलीच पाहिजे. निघाली नसेल तर काम कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगितलं पाहिजे. प्रभागातल्या प्रत्येक कामापुढे आम्ही आता हा टप्पा लिहितो आणि तो तक्ता कार्यालयाच्या दारावर लावलेला असतो. इस्टिमेटवरच अडकलेली कामं त्यात सगळ्यांत जास्त आहेत, हे लपवायचं कारण नाही. चाळीतल्या गटारांची मोजमापं वेळखाऊ असतात, कारण गटार कोणाच्या ओट्याखालून जातं हे फरशी उचलल्याशिवाय कळत नाही.

अंदाजपत्रकाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. जानेवारी-फेब्रुवारीत आलेली मागणी बहुधा पुढच्या वर्षात जाते. मागणी द्यायची तर दिवाळीच्या आत द्या.

६. नगरसेवक निधी किती मिळतो आणि तो जातो कुठे?

हा निधी माझ्या खात्यात येत नाही. मी काम सुचवते. पैसा महापालिकेच्या तिजोरीतून, वरच्याच टप्प्यांमधून (प्रश्न ५) ठेकेदाराला जातो. रक्कम दर वर्षी अंदाजपत्रकात ठरते. कोणत्या कामाला किती गेले हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येतं, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही शुल्क नाही. माझ्या निधीची माहिती मागणाऱ्यांना मी अर्ज लिहायला मदत करते. त्यात मला कमीपणा वाटत नाही, पैसा तुमचाच आहे.

७. नवा रस्ता झाला आणि महिन्याभरात पुन्हा खोदला. आधी ठरवता येत नाही का?

ठरवता येतं, आणि ठरवायला हवं. रस्त्याखाली आपल्या भागात पाण्याची लाइन, मलवाहिनी, विजेच्या केबल, गॅसची पाइपलाइन, फोन-इंटरनेटच्या केबल आहेत. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत, त्यामुळे तिच्या जुन्या वाहिन्या वेगळ्या. काम सुरू करण्यापूर्वी या सगळ्यांना पत्र देऊन “कोणाला काही टाकायचंय का” असं विचारायचं असतं. आपल्या प्रभागात रस्त्याच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर या पत्रांच्या प्रती मी मागते. प्रती नसतील तर त्या प्रस्तावाची शिफारस करत नाही. त्यानं काही कामं उशिरा होतील, ते मला मान्य आहे.

खोदाईला महापालिकेची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क लागतं. पावसाळ्यात तातडीची दुरुस्ती सोडून खोदाई बंद असते. तुमच्या दारात कोणी खोदायला आलं तर परवानगीचा कागद दाखवायला सांगा. दाखवला नाही तर फोटो काढून प्रभाग समितीला कळवा. आणि नवा रस्ता आपोआपच उखडला, कोणी खोदला नाही, तर ठेकेदाराच्या दोषदायित्वाच्या मुदतीत त्यानं तो स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. ती मुदत कामाच्या जागी लावलेल्या फलकावर पाहा. फलक नसेल तर ती पहिली तक्रार.

८. खड्ड्यामुळे पडून हात मोडला. भरपाई मिळते का?

मिळते. मुंबई उच्च न्यायालयानं १३ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सांगितलं आहे की खड्डा किंवा उघडं मॅनहोल यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यायचे. त्यासाठी महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. खड्डा लक्षात आल्यापासून ४८ तासांत बुजवायचा, असंही त्याच निकालात आहे.

अर्जासाठी पुरावा त्याच दिवशी गोळा करावा लागतो : खड्ड्याचा फोटो, आजूबाजूची खूण दिसेल असा, रुग्णालयाचे कागद, त्यात अपघात कसा झाला ते लिहून घेतलेलं, पोलिसांतली नोंद. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवलेला असतो आणि मग सिद्ध करायला काही उरत नाही. माणूस जखमी असताना फोटो काढायचं सुचत नाही हे खरं, म्हणून सोबतच्यानं किंवा शेजाऱ्यानं काढून ठेवावा.

९. शटडाउन एमआयडीसीचा, मग आमच्या गल्लीतलं पाणी का जातं? शेजारच्या गल्लीत तर येतं!

कारण ठाण्याचं पाणी एका जागेहून येत नाही. चार स्रोत आहेत. महापालिकेची स्वतःची योजना, भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्यातून उचलून टेमघरला शुद्ध होणारी, दिवसाला सुमारे २५० दशलक्ष लिटर. एमआयडीसीकडून सुमारे १३५, बारवी धरणाचं. स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून सुमारे ११५. मुंबई महापालिकेकडून सुमारे ८५. ज्या जलकुंभाला जो स्रोत जोडलेला, त्याचं नशीब त्या गल्लीला.

आपल्या भागात हे जास्तच गुंतलेलं आहे. किसननगर नं. २ चं नाव मुंबई महापालिकेनं पाणीकपात केली की त्या यादीत येतं, आणि एमआयडीसीनं जांभूळचं जलशुद्धीकरण केंद्र बंद ठेवलं की त्याही यादीत येतं. कारण एकच गल्ली दोन बाजूंनी वेगवेगळ्या लाइनवर आहे. रुपादेवी पाडा एमआयडीसीच्या यादीत असतो. शेजारच्या किसननगर नं. १ ला मुंबईचं पाणी. म्हणून “अमक्याला येतं, आम्हाला नाही” यात दर वेळी कोणी चावी फिरवलेली असेलच असं नाही. फिरवलेली असू शकते, ती शंका असेल तर वेळ लिहून कळवा, व्हॉल्वमनच्या वेळापत्रकाशी ताडून पाहता येतं.

शटडाउन २४ तासांचा असला तरी पुढचे एक-दोन दिवस पाणी कमी दाबानं येतं. रिकामी झालेली मोठी वाहिनी आधी भरते, मग जलकुंभ, मग तुमची लाइन. चढावरच्या घरांना सगळ्यांत शेवटी. या दिवसांत खालच्या इमारतींनी थेट लाइनला मोटर लावली की वरच्या वस्तीला थेंब मिळत नाही. थेट मोटर लावणं बेकायदा आहे, जप्त होते. खालच्या सोसायट्यांना माझी कळकळीची विनंती आहे की निदान शटडाउननंतरचे दोन दिवस तरी वरच्या बायाबापड्यांचा विचार करा. हंडा घेऊन चढ चढताना मी त्यांना रोज पाहते.

१०. पाणी गढूळ येतंय, वासही येतो. काय करू?

शटडाउननंतर पहिली दहा-पंधरा मिनिटं गढूळ आलं तर ते वाहिनीतल्या गाळाचं असतं, सोडून द्या. वास येत असेल किंवा गढूळपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर गटाराचं पाणी लाइनमध्ये शिरतंय असं समजून त्याच दिवशी तक्रार करा आणि नळाच्या पाण्याचा नमुना तपासायला सांगा. तोवर उकळून प्या. एकट्या तुमच्याच इमारतीत त्रास असेल तर सोसायटीची टाकी तपासा, ती धुण्याची जबाबदारी सोसायटीची.

११. चाळीचं चेंबर तुंबलंय. आमच्या ओळखीचा माणूस आत उतरून साफ करतो, त्याला बोलावू का?

नाही. माणूस चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मग तो स्वखुशीनं उतरो, पैसे घेऊन उतरो, की दारू पाजून उतरवलेला असो. आतला वायू दिसत नाही आणि त्याचा वास नेहमी येतोच असंही नाही. एक बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली, पण गेलेला माणूस त्यानं परत येत नाही.

जेटिंग आणि सक्शनची गाडी प्रभाग समितीकडून मागवा. गाडी गल्लीत शिरत नसेल तर लांब पाइपची मागणी करा. उशीर होत असेल तर मला रात्री-अपरात्री फोन करा, या एका कामासाठी मी कधीही उठेन. सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांनाही हेच लागू.

१२. नालेसफाईत काढलेला गाळ काठावरच का ठेवतात? पाऊस आला की पुन्हा आत जातो.

ओला गाळ गाडीत भरला तर रस्ताभर सांडतो, म्हणून एक-दोन दिवस निथळू देतात. त्याहून जास्त दिवस पडून राहिला तर तक्रार करा, फोटोवर तारीख दिसू द्या. मे महिन्यात आपण डोंगराकडून येणाऱ्या नाल्याच्या काठानं प्रभाग समितीच्या अधिकाऱ्यांबरोबर चालत जातो. ज्यांच्या घराला नाला लागून आहे त्यांनी त्या दिवशी जरूर यावं. पाणी कुठून चढतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

१३. आमच्या सोसायटीचा ओला कचरा गाडी घेत नाही. आम्ही कर भरत नाही का?

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ५ हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना आणि दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना ओल्या कचऱ्याची व्यवस्था जमेल तितकी आपल्या आवारातच करायला सांगितलं. लहान इमारती आणि चाळींचा ओला कचरा गाडीनं घेतलाच पाहिजे, फक्त तो सुक्यापासून वेगळा हवा. सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या. ते हातानं वेगळे करणारी बाईही कोणाच्या तरी घरची आहे.

दिव्याचं डम्पिंग ग्राउंड २०२३ मध्ये बंद झालं. आपला कचरा वर्षानुवर्षं दिव्याच्या लोकांच्या दारात जात होता आणि ते लोक धुरात राहत होते. वर्गीकरणाचा आग्रह मला त्यामुळे जाच वाटत नाही.

घरदुरुस्तीचा राडारोडा कचऱ्याच्या गाडीत चालत नाही. तो उचलण्याची वेगळी, पैसे भरून मिळणारी सोय आहे. रात्री कोपऱ्यावर टाकून गेलेल्या टेम्पोचा नंबर मिळाला तर कारवाई होते.

१४. सोसायटीच्या आतला रस्ता, दिवे, पेव्हर ब्लॉक करून द्याल का?

रस्ता महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झाला असेल तर हो. सोसायटीच्या मालकीचा असेल तर महापालिकेचा पैसा तिथे घालता येत नाही. निवडणुकीच्या वेळी कोणी शब्द दिला असेल तरी. आपल्याकडे काही रस्ते असे आहेत की ज्यांवरून सगळा गाव जातो पण कागदावर ते खासगी आहेत. तिथे आधी हस्तांतराचा अर्ज करू, त्यासाठी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल.

१५. झाडाची फांदी खिडकीत आली आहे. आम्हीच कापली तर?

परवानगीशिवाय कापू नका. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा सोसायटीच्या आवारातल्या, तुम्ही स्वतः लावलेल्या झाडालाही लागू आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्यांकडे. रस्त्यावरचं झाड महापालिका छाटते, आवारातल्या झाडाचा खर्च सोसायटीचा. छाटणीच्या नावाखाली झाड बोडकं केलेलं दिसलं तर जरूर कळवा, अशी झाडं पुढच्या पावसात एका बाजूला कलंडतात.

१६. भटकी कुत्री उचलून लांब सोडा.

सरसकट असं करता येत नाही. २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला उचललं तिथेच परत सोडायचं असतं. अपवाद दोन. पिसाळलेला किंवा फार आक्रमक कुत्रा परत सोडत नाहीत. आणि शाळा, रुग्णालय, क्रीडासंकुल, बसस्थानक, रेल्वे स्थानक यांच्या आवारातली कुत्री हटवून पुन्हा तिथे सोडू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आहे. म्हणून शाळेच्या आवारातल्या कुत्र्यांची तक्रार मुख्याध्यापकांच्या पत्रासह वेगळी द्या.

खाऊ घालणाऱ्यांशी भांडू नका. खाऊ घालायची जागा ठरवून द्यायची आहे, सोसायटीनं दोन जागा सुचवल्या तर आपण त्या पाठवू. कुत्रा चावला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. हळद, चुना काही लावू नका.

१७. शाळेसमोर गतिरोधक हवाय. आणि चोरी झाली, कॅमेऱ्याचं फुटेज द्याल का?

गतिरोधकाला वाहतूक पोलिसांचा अभिप्राय लागतो आणि तो इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात, रंगवलेल्या पट्ट्यांसह असावा लागतो. घरासमोर हवा तसा उंचवटा करून घेतला तर रुग्णवाहिकेतल्या माणसाला तो भोगावा लागतो. फुटेज मी देऊ शकत नाही. श्रीनगर किंवा वागळे इस्टेट पोलीस ठाण्यात, तुमच्या हद्दीप्रमाणे, तक्रार द्या, पोलीस ते मागवतात. उशीर केलात तर जुनं पुसून नवं चढतं.

१८. इमारतीला धोकादायक म्हणून नोटीस लागली. आता घर गेलं का?

घाबरण्याआधी नोटिशीवरचा वर्ग वाचा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे राहत्या माणसांसह दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. लोक चारही प्रकारांना एकच समजतात, आणि मग सी-३ वाला रात्रभर झोपत नाही, सी-१ वाला निवांत राहतो.

सी-१ असेल तर बाहेर पडा. लकी कंपाउंड आपण विसरलेलो नाही. ४ एप्रिल २०१३ ला शीळ फाट्याजवळ ती इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. बाहेर पडल्यानं हक्क जात नाही, मग तुम्ही मालक असा की भाडेकरू. पण त्यासाठी पाडण्यापूर्वी तुमच्या खोलीचं मोजमाप होऊन तुमच्या नावानं नोंद झाली पाहिजे. ती नोंद लेखी घेतल्याशिवाय चावी देऊ नका, आणि ती मिळाल्यावर एक दिवसही थांबू नका. मोजमापाच्या दिवशी मला बोलवा.

नोटीस नसली तरी ३० वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करून घेणं मालकाची किंवा सोसायटीची कायदेशीर जबाबदारी आहे. ऑडिटचा वर्ग मान्य नसेल तर महापालिकेच्या यादीवरच्या दुसऱ्या अभियंत्याकडून तपासून घेऊन अहवाल जोडा. बिल्डरनं आणलेल्या अहवालावर मात्र डोळे झाकून सह्या करू नका.

१९. आमचा भाग क्लस्टरमध्ये आहे म्हणून गटार-पाण्याची कामं थांबवली का?

नाही, आणि कोणी तसं सांगितलं तर माझ्यासमोर सांगायला लावा. किसननगरला समूह विकास योजनेचं, म्हणजे जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास करणाऱ्या क्लस्टरचं, भूमिपूजन २०२३ मध्ये झालं, इथे काम सिडको करते. पण माणूस नव्या घरात जाईपर्यंत जुन्या घरात पाणी, दिवा, संडास आणि कचऱ्याची गाडी मिळायलाच हवी. नव्या मोठ्या बांधकामावर खर्च करताना ती जागा किती वर्षं राहणार हे पाहावं लागतं, एवढंच. फुटलेलं चेंबर त्यासाठी थांबत नाही. सर्वेक्षणात नाव आलं नसेल तर वीज बिल, घरपट्टी, जुनी भाडेपावती, मतदार यादीचा उतारा घेऊन या.

२०. वाढीव खोली पाडायला येणार आहेत. एक पत्र द्या ना, ताई. घरपट्टी तर भरतोय.

हे पत्र मी देऊ शकत नाही. अनधिकृत बांधकाम पाडणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी किंवा प्रत्यक्ष अडथळा आणला तर नगरसेवकाचं पद जातं, १९४९ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. आणि पद जात नसतं तरी दिलं नसतं, कारण प्रश्न १८ मधल्या इमारती अशाच पत्रांच्या आडोशानं उभ्या राहतात.

घरपट्टी भरल्यानं बांधकाम अधिकृत होत नाही. अनधिकृत बांधकामावर शास्ती, म्हणजे दंडही लागतो आणि तो भरल्यानंतरही ते अनधिकृतच राहतं. मात्र नोटीस न देता कारवाई होत असेल, किंवा परवानगीचे कागद असून पाडायला येत असतील, तर ताबडतोब कागद घेऊन या, त्या वेळी मी तुमच्या बाजूनं अधिकाऱ्यांसमोर उभी राहते.

२१. आधार कार्डावर पत्ता बदलायला तुमचा दाखला चालतो का? मी भाड्यानं राहतो.

चालतो. आधारच्या ठरलेल्या नमुन्यावर, फोटोसह हवा. साध्या लेटरहेडवर लिहिलेला परत येतो. सही झाल्यापासून तीन महिने धरतात. भाडेकरूलाही देते, पण तुम्ही इथे राहता याचा एखादा कागद आणि शेजारच्या दोघांची ओळख लागते. खोट्या पत्त्यावर दिलेला दाखला उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी हक्कावर उठतो, म्हणून चौकशी होईल, राग मानू नका. दाखल्याला पैसे लागत नाहीत. कार्यालयाबाहेर कोणी मागितले तर मला नाव सांगा. उत्पन्न आणि अधिवासासाठी प्रश्न ४ पाहा.

२२. बाळाचा जन्म मुलुंडच्या हॉस्पिटलात झाला. जन्मदाखला ठाण्यात मिळेल?

नाही. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, राहतो तिथे नाही. मुलुंड मुंबई महापालिकेच्या टी विभागात येतं, दाखला तिथून. आपल्याकडे मुलुंड चेकनाका ओलांडला की दुसरी महापालिका, त्यामुळे हा गोंधळ दर आठवड्याला होतो. जन्मापासून २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क, पुढे उशिराचं शुल्क, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नाव ठरलं नसेल तरी नोंद करून टाका, नाव नोंदणीनंतर १५ वर्षांपर्यंत घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

मृत्यूच्या नोंदीलाही हाच नियम. माणूस मुलुंडच्या रुग्णालयात वारला तर अंत्यविधी वागळेला झाला तरी दाखला मुलुंडचा.

२३. माझं मत गावी आहे. तुम्ही माझं काम कराल का?

करेन. तक्रारीच्या अर्जात मतदार क्रमांकाचा रकानाच नाही.